पळालास तर कुठे जाशील?

टेलिफोनच्या पिवळ्या पुस्तकात जामिनाची पानं बेकऱ्यांच्या जरा अलीकडे येतात, हे ओव्हिड गिड्रीला साठी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. माहीत असायचं काही कारणही नव्हतं. गिड्र्यांच्या घरातलं कुणी कधी गजाआड गेलं नव्हतं. भाताची खाचरं, भात निघाला की त्याच खाचरांत पाणी सोडून क्रॉफिश नावाचे झिंगे, शनिवारी नाच, रविवारी चर्च, आणि मेल्यावर चर्चमागच्या स्मशानात सिमेंटची पेटी. एवढंच त्यांचं जग. आता एकुलता एक मुलगा नोलन परगण्याच्या तुरुंगात बसला होता आणि ओव्हिड चष्मा कपाळावर चढवून, पुस्तक डोळ्यांजवळ धरून स्वयंपाकघरात उभा होता.

"किती आहेत रे हे," तो म्हणाला. "पानंच्या पानं."

शेजारचा थिओफिल, ज्याला सगळा परगणा टी-फिल म्हणायचा, टेबलाशी कॉफी पीत बसला होता. सप्टेंबरात ओव्हिडची बायको एलोडी गेली, तेव्हापासून तो रोज सकाळी यायचा. काही बोलायचा नाही, नुसता दोन कप रिचवून जायचा. आज मात्र त्याला बोलायला विषय मिळाला होता.

"ज्याच्या नावापुढे जास्त अ असतील त्याला लाव. यादीत पहिलं यायला लावतात लेकाचे. हा बघ, चार अ. याला सगळ्यात जास्त घाई."

चार अ वाल्याकडे एका मुलीने फोन उचलला. कुठल्यातरी लांबच्या शहरातून बोलत होती. बोलण्यात गोडवा होता, पण परगण्याचं नाव तिला तीनदा सांगावं लागलं. तिने नोलनचं नाव विचारलं, न्यायाधीशाने ठरवलेला आकडा विचारला, आणि मग विचारलं, "याआधी कधी तारखेला गैरहजर राहिलेत का?"

"हो, पण त्या दिवशी—"

"माफ करा सर."

फोन बंद. ओव्हिड रिसीव्हरकडे बघत राहिला.

"पण त्या दिवशी काय, ते ऐकून तरी घ्यायचं," तो म्हणाला.

"तीन अ वाला बघ," टी-फिल म्हणाला.

त्या दिवशी काय झालं, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि घोळ नेमका तिथेच होता. नोलनने उन्हाळ्यात स्वतःचीच नाव चुलतभावाच्या धक्क्यावरून सोडवून आणली होती. चुलतभावाने ती दोन वर्षं परत दिली नव्हती. येताना नोलनने त्याच्या नाकावर एक ठेवून दिली. चुलतभाऊ शेरीफकडे गेला, कोर्टात हजर राहीन अशी नोलनकडून सही घेतली गेली, सप्टेंबरातली तारीख दिली गेली, आणि त्याला घरी सोडलं. नेमक्या त्याच तारखेला एलोडीला पुरायचं ठरलं. नोलन आदल्या दिवशी म्हणालाही, "पापा, उद्या कोर्ट आहे." ओव्हिड म्हणाला, "उद्या तुझी आई आहे." विषय संपला. कोर्टाला कळवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण कळवायचं ते काय? सगळ्यांना माहीतच होतं. कोर्टातल्या कारकून बाईने स्वतः पेकानचा केक पाठवला होता. ती बाईही त्या दिवशी रजा टाकून दफनाला आली, त्यामुळे कोर्टात सांगायला माणूसच उरलं नाही. न्यायाधीश महिन्यातून एकदा दुसऱ्या परगण्यातून यायचा. त्याने नाव पुकारलं, उत्तर आलं नाही, वॉरंट काढलं.

वॉरंट निघालंय याचाही कुणाला पत्ता नव्हता. ऑक्टोबर संपत आला तेव्हा नोलनच्या ट्रकचा मागचा दिवा गेला म्हणून शिपायाने त्याला रस्त्यात थांबवलं, आणि नोलन आत गेला. सरकारने दिलेला वकील म्हणाला, बरोबर आहे तुमचं, पण ते न्यायाधीशासमोर सांगायला हवं, आणि नोव्हेंबरची यादी भरली, न्यायाधीश हे प्रकरण आता डिसेंबरात घेईल. तोवर जामीन भरा, नाहीतर बसू द्या.

डिसेंबरापर्यंत बसला असताही. जवान गडी होता, बसून काही झिजला नसता. पण चार दिवसांवर तुसाँ आला होता.

तुसाँ म्हणजे सगळ्या संतांचा सण. त्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या माणसांची थडगी घासतं, चुना देतं, फुलं ठेवतं, आणि दुपारी पाद्री येऊन पाणी शिंपडत जातो. मेलेल्या माणसाचा पहिला तुसाँ चुकवत नाहीत. गिड्र्यांच्या थडग्यांना दरवर्षी चुना द्यायचं काम एलोडी आणि नोलनचं. ओव्हिडने एकदाच ब्रश धरला होता, तेव्हापासून तो फुलं आणायचा. इस्पितळात शेवटी शेवटी एलोडीला धाप लागायची, तेव्हाही तिने नोलनचा हात धरून बजावलं होतं, "माझ्यावरचा पहिला चुना तूच द्यायचास. पापांना देऊ देऊ नको, ते ओघळ पाडतात." त्यावर तिघंही हसले होते. नोलनने हो म्हटलं होतं.

तीन अ वाल्याने नाही म्हटलं. दोन अ वाल्यानेही.

हमरस्त्यावरच्या एका एजंटकडे ओव्हिड स्वतः गेला. चकचकीत ऑफिस, चकचकीत बूट. त्याने घराचे कागद मागितले. ओव्हिडने सांगितलं, अर्धं घर माझं, अर्धं बायकोचं, ती गेली तेव्हा तिचं अर्धं पोराचं झालं. एजंट खुर्चीत मागे रेलला. "म्हणजे घर गहाण टाकायला आत बसलेल्याची सही लागणार? ज्याला सोडवायचं, त्याच्याच घरावर? काका, शिवाय तो एकदा पळालेला आहे."

"पळाला नव्हता. आईची शवपेटी उचलत होता."

"कागदावर पळालेला आहे," एजंट म्हणाला, आणि त्याने ओव्हिडला चहा-कॉफीही विचारली नाही.

शेवटी तुरुंगाच्या खिडकीतल्या हर्बीनेच मार्ग सांगितला. हर्बी नोलनबरोबर शाळेत होता. तो इकडेतिकडे बघून म्हणाला, "मिस्टर ओव्हिड, मी कुणाचं नाव सुचवायचं नसतं, तसा नियम आहे. पण मी तुमच्या जागी असतो तर मला मिस ऑलिडा आठवली असती. कोर्टासमोर, चर्चच्या कुंपणाला लागून. तिची जाहिरात कुठे नसते."

ओव्हिड तिथे पोचला आणि ट्रकमधून उतरायचंच विसरला. हे दार त्याला माहीत होतं. हिरवा रंग, खालची फळी कुजलेली. दर गुरुवारी एलोडीला जपमाळेच्या प्रार्थनेला सोडून तो याच ओकच्या झाडाखाली ट्रक लावायचा आणि रेडिओ ऐकत बसायचा. वर्षानुवर्षं हे दार त्याच्या डोळ्यांसमोर होतं. आत काय चालतं, असं त्याच्या मनातही कधी आलं नव्हतं.

आत दोन खुर्च्या, एक शेगडी, भिंतीवर येशूचं चित्र, आणि पायाशी झोपलेला म्हातारा कुत्रा. मिस ऑलिडा सत्तरीच्या पुढची, पायात पुरुषी रबरी बूट. मांडीवर परात घेऊन अक्रोडासारखे पेकान फोडत होती.

"बसा. आत कोण आहे?"

"मुलगा."

"सगळे कुणाचे तरी मुलगेच असतात, बाबा. नाव सांगा."

"नोलन गिड्री."

पेकान फोडणारा हात थांबला. "नाव पळवली, नाक फोडलं. आणि तारीख चुकवली."

"नाव त्याचीच होती. आणि त्या दिवशी त्याच्या आईला—"

"पुरलं. मी होते तिथे, मागे उभी." तिने परात बाजूला ठेवली आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "अस्सं. म्हणजे तुम्ही ट्रकवाले."

"ट्रकवाले?"

"ओकखालचे. मी एलोडीला म्हणायचे, अगं आत बोलाव त्यांना, घोटभर कॉफी पितील. ती म्हणायची, असू दे, त्यांचा बेसबॉल चाललाय."

ओव्हिडला काही उमगेना. "ती जपमाळेला जायची. चर्चमध्ये."

"जायची की. आणि जपमाळ झाली की बाजूच्या दाराने बाहेर पडायची. ते दार माझ्या परसात उघडतं."

मग मिस ऑलिडाने जे सांगितलं, ते ओव्हिड हातातली टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत राहिला.

प्रार्थनेनंतर कुणाची ना कुणाची आई चर्चच्या पायऱ्यांवर एलोडीला गाठायची. पोरगं आत आहे, घर भाड्याचं आहे, जामिनाला कुणी उभं राहत नाही. एलोडी त्या बाईला घेऊन इकडे यायची आणि हमीदार म्हणून सही करायची. गहाण टाकायला तिच्याकडे काही नव्हतं. पहिल्यांदा मिस ऑलिडाने तिला हाकलूनच लावलं होतं.

"मी म्हटलं, बाई, हा धंदा आहे, जपमाळ नाही. न्यायाधीश आकडा सांगतो. तेवढे पैसे ज्याच्याकडे असतात तो भरतो, हजर झाला की परत घेतो. ज्याच्याकडे नसतात तो माझ्याकडे येतो. शंभरातले बारा मला, ते माझे झाले, परत मागायचे नाहीत. बाकीच्या सगळ्यासाठी मी कोर्टापुढे मान ठेवते. पोरगा आला नाही तर माझी मान कापतात. मग मी हमीदाराची कापते. तुझ्या मानेत आहे काय कापण्यासारखं? तर ती म्हणाली, तो आला नाही तर मी आणते. मी म्हटलं, कशी आणशील? म्हणाली, जाऊन."

मिस ऑलिडा हसली. "घेतली मी सही. आणि तो पहिलाच पळाला! दलदलीत काकाच्या मासेमारीच्या झोपडीत जाऊन बसला. मी माणसं पाठवणार होते, बंदूकवाली. ही बया म्हणाली, दुपारपर्यंत थांब. कुणाची तरी नाव मागून, गम्बोच्या रश्शाचं पातेलं मांडीवर घेऊन एकटी गेली. त्याच्यासमोर बसली. कोर्टाचं नाव नाही, शेरीफचं नाव नाही. त्याला पोटभर खाऊ दिलं. पातेलं रिकामं झालं तेव्हा म्हणाली, चल, बूट घाल. आणि त्याने बूट घातले, मिस्टर ओव्हिड. एवढा धिप्पाड माणूस. मी या खिडकीतून बघत होते, ती पुढे आणि तो रिकामं पातेलं धरून मागे."

ओव्हिडला ते पातेलं आठवलं. झाकणावर चिखल होता. एलोडी म्हणाली होती, एका मयताच्या घरी जेवण पोचवायला गेले होते.

"त्यानंतर मी तिच्याकडून कधी काही मागितलं नाही. तिने सही केली की माझी मान सुरक्षित. तारखेच्या दिवशी पहाटे ती त्याच्या दारात कॉफी घेऊन उभी असायची. एकही चुकला नाही."

आणि मग ओव्हिडला दफनाच्या दिवशीचे ते पुरुष आठवले. मागच्या रांगेत उभे, कुणाच्या मानेवर गोंदलेलं, कुणाचा कान फाटलेला, पण शर्ट सगळ्यांचे कडक इस्त्रीचे. पाद्रीची प्रार्थना चालू असताना त्यांनी माना वर केल्या नव्हत्या. त्याला वाटलं होतं, तिच्या माहेरचे कुणी लांबचे असतील. तिच्या माहेरच्यांना वाटलं होतं, याचे कुणी असतील.

पस्तीस वर्षं एका अंथरुणात झोपलेलं माणूस. एखादं खाचर वर्षानुवर्षं नांगरावं आणि एक दिवस कळावं की त्याच्याखालून नदी वाहते आहे, तसं त्याला झालं.

"मग नोलनला सोडवाल?" त्याने विचारलं.

"ती असती तर आत्ताच सोडवला असता, तिला खुर्चीत टेकूसुद्धा दिलं नसतं. पण ती नाही. आणि पत काही वारशाने मिळत नाही, मिस्टर ओव्हिड. घर मिळतं." तिने पुन्हा परात मांडीवर घेतली. "तुमच्या पोराबद्दल विचारते, सांगा. सकाळी उठल्यावर काय खातो?"

"ते एलोडी बघायची."

"त्याचा जिवलग कोण?"

"एक लाल टोपीवाला येतो."

"तो घाबरला तर कुठे जातो? पळायचंच ठरवलं तर कुठे पळेल?"

ओव्हिडने टोपी गोल फिरवली. "तो पळणार नाही."

"सगळे बाप हेच म्हणतात. मी विचारलं, पळाला तर कुठे. ज्याला हे माहीत नाही तो त्याला परत कसा आणणार? एलोडी प्रत्येकाला हे विचारूनच सही करायची. जा, विचारून या."

"त्यालाच विचारू? पळालास तर कुठे जाशील म्हणून?"

"मग काय मला विचारणार?"

तुरुंगात भेट काचेतून होते. इकडे एक फोन, तिकडे एक. नोलन आला, बसला, दाढी वाढलेली. दफनानंतर बापलेक एका घरात दोन भाडेकरूंसारखे राहत होते. मीठ दे, दार लाव, याच्या पलीकडे बोलणं नव्हतं. दोघांमधलं बोलणं जिच्यातून जायचं, ती गेली होती.

"पापा, तुसाँला सुटलो नाही तर चुना टी-फिलला द्यायला सांगा. तुम्ही देऊ नका."

"ओघळ पडतात, माहीत आहे मला." ओव्हिडने रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "सकाळी उठल्यावर तू काय खातोस?"

नोलनने रिसीव्हर कानापासून लांब धरून बघितला, बिघडलाय की काय म्हणून. "काय?"

"एजंट विचारते. सांग."

"नुसती कॉफी. आई होती तोवर दुधात भिजवून तळलेला पाव. आता कोण तळतंय."

"आणि तो लाल टोपीवाला तुझा जिवलग ना?"

"त्याला नाव आहे, पापा. ड्युप्रे. गेल्या महिन्यात तुमच्या शेजारी बसून जेवला. तुम्ही त्याला चार वेळा 'अरे ए' म्हणालात."

"ड्युप्रे," ओव्हिड म्हणाला, पाठ करत असल्यासारखा. मग त्याने काचेच्या जवळ तोंड नेलं. "आणि पळालास तर कुठे जाशील?"

नोलन हसला. आई गेल्यापासून पहिल्यांदा, आणि इतका मोठ्याने की दाराशी उभा असलेला हर्बी वळून बघायला लागला.

"तुम्ही मला सोडवायला आलात की शोधायला?"

"ती म्हणते दोन्ही एकच आहे."

नोलनचं हसू हळूहळू ओसरलं. तो नखाने टेबल खरवडत राहिला. ओव्हिडने घाई केली नाही.

"टी-फिलच्या शेवटच्या खाचरामागे जुनी पंपाची खोली आहे," नोलन शेवटी म्हणाला. "लहानपणी मी तुमचा ट्रॅक्टर कालव्यात घातला होता, आठवतं?"

"आठवतं तर! अजून त्याच्या इंजिनातून बेडूक निघतात."

"तुम्ही मला शोधत फिरलात. चुलत्यांकडे गेलात, शाळेत गेलात, पुलाखाली बघितलंत. मी पंपाच्या खोलीत होतो. आई तुमच्या आधीच येऊन गेली होती, भात आणि रस्सा घेऊन. म्हणाली, खा, त्यांचा राग उतरला की येते. आली तेव्हा म्हणाली, चल, बूट घाल."

ओव्हिडने डोळे मिटले आणि उघडले.

"नंतरही जायचो," नोलन म्हणाला. "काही बिनसलं की. ती येऊन बसायची. दफनाच्या दुसऱ्या दिवशीही गेलो होतो. कुणी येणार नाही हे माहीत होतं. तरी संध्याकाळपर्यंत बसलो."

त्या संध्याकाळी ओव्हिड घरात एकटा बसला होता. टेबलावर लोकांनी आणलेलं जेवण होतं, आणि पोरगा कुठे आहे हा प्रश्न त्याच्या मनात आला होता आणि निघून गेला होता. पंपाची खोली घराच्या मागच्या दारातून दिसते.

"एजंटला सांगू हे?"

"सांगा," नोलन म्हणाला. "तुम्हाला सांगितलं तिथेच सगळं संपलं. आता पळायला जागा उरली नाही."

दुसऱ्या दिवशी मिस ऑलिडाने दार उघडलं तेव्हा ओव्हिड पायरीवरच उभा होता. खुर्चीत टेकायच्या आधी त्याने बोलायला सुरुवात केली. "कॉफी. आईच्या हातचा तळलेला पाव. जिवलगाचं नाव ड्युप्रे. आणि पळाला तर तो—"

"थांबा." तिने हात वर केला. "ते मला सांगू नका."

"तुम्हीच तर विचारलंत!"

"मी विचारलं तुम्हाला माहीत आहे का. काल नव्हतं. आज तुमच्या तोंडावर दिसतंय. जागा तुमच्यापाशी ठेवा. मला कळली तर मी बंदूकवाली माणसं पाठवीन, धंदाच तसा आहे माझा. तुम्हाला माहीत आहे तर तुम्ही जाल." तिने कागद पुढे सरकवला. "इथे सही करा. ती इथेच करायची, या कोपऱ्यावर, टेबल हलतं म्हणून कोपराने दाबून."

ओव्हिडने टेबल कोपराने दाबलं आणि सही केली. भाताचे आलेले पैसे दिले. ते परत मिळणार नव्हते. कागदावर लिहिलं होतं की नोलन आला नाही तर सगळा आकडा ओव्हिडच्या मानेवर. त्याने तेवढं एकदा वाचलं. ओझं वाटेल असं त्याला वाटलं होतं, पण वाटलं नाही. एलोडीने परक्यांच्या पोरांसाठी हे पुन्हा पुन्हा मानेवर घेतलं होतं, आणि संध्याकाळी घरी येऊन त्याला विचारलं होतं, काय, जिंकले का तुमचे?

मिस ऑलिडा रबरी बूट फटफट वाजवत रस्ता ओलांडून तुरुंगात गेली. मागे ओव्हिड, त्याच्या मागे तो म्हातारा कुत्रा. तिने खिडकीतून कागद आत सरकवला. हर्बीने वाचला, शिक्का मारला, आणि आत कुणाला तरी हाक दिली.

ओव्हिड त्या दाराकडे बघत होता. जाड लोखंड, वर चौकट, भिंतीत रोवलेल्या बिजागऱ्या. बैलाने धडक दिली असती तर बैल मेला असता. आणि ते दार एका कागदासाठी उघडत होतं. कागदावर होतं काय? एका म्हातारीचं नाव आणि त्याखाली त्याचं. अमुक माणूस अमुक दिवशी येईल, असं दुसऱ्या कुणीतरी म्हटलं होतं, एवढंच. त्या म्हणण्यावर हे लोखंड सरकलं, कुरकुरलं आणि बाजूला झालं. ओव्हिडच्या अंगावर काटा आला. चर्चमध्ये पाद्री प्रसादाचा पाव उंचावतो तेव्हा येतो तसा. त्याने नकळत टोपी काढली.

"टोपी घाला," मिस ऑलिडा म्हणाली. "बाहेर वारा आहे."

नोलन बाहेर आला आणि उजेडात डोळे चोळत उभा राहिला. "किती मोजलेत, पापा?"

"तुला काय करायचंय? डिसेंबराचा पहिला सोमवार लक्षात ठेव."

तुसाँच्या दिवशी पहाटे ओव्हिड उठला आणि त्याने नोलनच्या खोलीत डोकावलं. अंथरूण रिकामं. बूट नाहीत. मागचं दार नुसतं लोटलेलं.

पळाला, असं त्याला वाटलं. कालच सुटलेला. पण ते वाटणं फार वेळ टिकलं नाही, याचं त्याला नंतर नवल वाटत राहिलं. तो ना फोनकडे गेला, ना ट्रकच्या किल्लीकडे. त्याने कॉफी ठेवली. पाव कापला, दुधात भिजवला, तव्यावर टाकला. एक बाजू जळली. दुसरी जरा बरी झाली. फडक्यात बांधून, कॉफीचं भांडं घेऊन तो मागच्या दाराने निघाला. खाचरांत नुकतं पाणी सोडलेलं होतं आणि बांधावर बगळे उभे होते. तो येताना बघून ते उडाले, आणि तो पुढे गेल्यावर पुन्हा बसले.

पंपाच्या खोलीत नोलन बादलीवर वाकला होता. विरलेला चुना काठीने ढवळत होता. त्याने वर बघितलं आणि काठी तशीच धरून राहिला.

"इथल्याच पाण्यात भिजवायची ती," तो म्हणाला. "शहराच्या नळाच्या पाण्याने पिवळा पडतो म्हणायची. पापा, तुम्हाला वाटलं मी..."

"खा," ओव्हिड म्हणाला.

नोलनने जळका पाव खाल्ला. सगळा खाल्ला. बाप पालथ्या बादलीवर बसून राहिला, आणि त्याच्या लक्षात आलं की ही बादली बसण्यासाठीच पालथी ठेवलेली होती, आणि ती बसून बसून मधोमध दबली होती.

फडकं रिकामं झालं तेव्हा नोलनचे चिखलाने भरलेले बूट दाराशी होते. ओव्हिडने ते त्याच्यापुढे सरकवले.

"चल," तो म्हणाला. "बूट घाल."

नोलनने मान फिरवली. बूट घालायला त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

स्मशानात अजून कुणी आलेलं नव्हतं. कुंपणाशी धुकं होतं. बापलेक बादली दोन्हीकडून धरून गिड्र्यांच्या ओळीत आले आणि थांबले.

एलोडीच्या थडग्याभोवतीचं गवत कुणीतरी मुळापासून उपटलं होतं. सिमेंट घासून स्वच्छ केलेलं होतं, कोपऱ्यांतलं शेवाळसुद्धा खिळ्याने खरवडलेलं. पायाशी माती चोपून सपाट केली होती. ओल्या मातीत मोठमोठ्या बुटांचे ठसे होते, एका माणसाचे नव्हेत, बऱ्याच जणांचे. सगळं केलं होतं. चुन्याला मात्र कुणी हात लावला नव्हता. तो ज्याने द्यायचा त्याच्यासाठी ठेवला होता.

"कोण येऊन गेलं?" नोलनने विचारलं.

"सांगतो," ओव्हिड म्हणाला. "बरंच सांगायचं आहे. आधी तू तुझं काम कर."

नोलनने ब्रश बुडवला, काठावर निथळला, आणि वरच्या कडेपासून खाली ओढला. ओला चुना आधी राखाडी दिसला, मग डोळ्यांदेखत पांढरा होत गेला. एकही ओघळ नाही. ओव्हिड टोपी हातात घेऊन त्या बुटांच्या ठशांशेजारी उभा राहिला, त्यांच्यावर पाय पडणार नाही असा.

"पापा, तो सोमवार," नोलन न वळता म्हणाला.

"हं. मी पहाटे कॉफी घेऊन तुझ्या दारात येतो."

"मी तुमच्याच घरात झोपतो, पापा."

"तरी येतो," ओव्हिड म्हणाला.